आठ फुटांची पट्टी

नऊ कोटी

घर घ्यायला निघालेली माणसं आधी छप्पर बघतात, भिंतींची ओल बघतात, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात. नाबोसाने यांतलं काहीच केलं नाही. ती सरळ घरामागच्या केळीच्या बागेत शिरली आणि थडगी शोधू लागली. अ‍ॅव्होकॅडोखालचा पाला तिने चपलेच्या टोकाने उकरला, मग कुंपणाच्या कडेकडेने एक फेरी मारली.

"सापडलं कुणी?" कियिंगी ब्रोकरने ओट्यावरूनच ओरडून विचारलं.

"कुणी नाही."

"मी सांगितलं होतं ना, न्याबो. सालोंगोंनी रिकामी जमीन घेतली, घर बांधलं. इथे अजून कुणाला पुरलेलं नाही." बाईमाणसाला तो मानाने न्याबो म्हणे.

मागल्या वर्षी तिने एक चांगलं घर तीन थडग्यांपायी सोडलं होतं. थडगं असलेलं घर घेतलं की मेलेल्याचे नातेवाईक दर वर्षी गवत काढायला येतात, जेवायला थांबतात आणि जाताना भिंतीच्या रंगाला नावं ठेवतात. एकोणीस वर्षं एका भाड्याच्या खोलीत, पलंगाखाली शिलाईची दोन मशिनं आणि शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे ठेवून ती जगली होती. आता तिला स्वतःचं दार हवं होतं. त्या दारात दुसऱ्या कुणाचा हक्क नको होता, मेलेल्याचाही.

ओट्यावर म्हातारा खुर्चीत बसला होता. जुळ्यांचा बाप म्हणून सगळं मसाका गाव त्याला सालोंगो म्हणे आणि त्याच्या बायकोला नालोंगो. नाबोसाने चटईवर गुडघे टेकले, कुशल विचारलं. गुडघ्यांवर बसलेल्या बाईने मोठ्यांच्या तोंडाकडे बघायचं नसतं, त्यामुळे तिची नजर त्याच्या पायांवर राहिली. पाय सुजलेले होते. घोट्याजवळ मोज्याच्या रबराची खाच उमटली होती आणि ती भरून येत नव्हती. तिच्या आईचे पाय शेवटच्या वर्षी असेच झाले होते.

नालोंगोने टोपलीतून भाजलेले कॉफीचे दाणे पुढे केले. नाबोसाने दोन उचलले आणि चावले.

"नऊ कोटी शिलिंग," सालोंगो म्हणाला. "मूत्रपिंडं गेलीत माझी. मंगळवारी आणि शुक्रवारी कंपालाला जाऊन रक्त धुवून घ्यावं लागतं. घर विकतोय ते त्यासाठी. लपवून काय करू?"

"देव बरं करेल तुम्हाला, जाजा," आजोबांना हाक मारावी तशी नाबोसा म्हणाली. "पाच देईन."

सालोंगो हसला. एकतीस वर्षं तो कॉफीच्या गिरणीत मापाडी होता. "पाच? पोरी, काट्यावर पाय ठेवतेस की अख्खी चढून बसतेस?"


साडेआठ कोटी

नाबोसाचं दुकान बसथांब्यासमोर होतं. खिडकीतल्या मशिनवर बसलं की कंपालाच्या बसचं दार बरोबर समोर येई. मंगळवारी सकाळी सालोंगो स्वतःच्या पायांनी चढला. शुक्रवारी नालोंगोने मागून आधार दिला. पुढच्या मंगळवारी कंडक्टर खाली उतरला, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला पोत्यासारखं वर घेतलं.

नाबोसाने खिसा शिवता शिवता सुई थांबवली, बघितलं, पुन्हा पायडल मारलं.

त्याच संध्याकाळी कियिंगी आला. "अर्ध्या कोटीने उतरलेत, न्याबो. घेऊन टाका."

"आणखी उतरतील."

"उतरतील हो! पण कुठवर? जमिनीखाली?" तो स्टुलावर बसला. "नीट ऐका. सही व्हायच्या आधी म्हातारा गेला तर सौदा मेला. मग उत्तरकार्य, मग कुळाची बैठक, मग वारस बसवायचा. दोन वर्षं धरा. आणि वारस म्हणून जो बसेल तो तुम्हाला ओळखणारसुद्धा नाही."

"म्हणून तर मी खिडकीत बसते," नाबोसा म्हणाली.

कियिंगीला आधी ते कळलं नाही. कळल्यावर त्याने चहा अर्धा टाकला आणि उठला. पण दलाली दोन टक्के होती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.


आठ कोटी

(फोन. नाबोसाची बाजू तेवढी.)

हो हो, नालोंगो, मीच बोलतेय. जाजा कसे आहेत? अरेरे.

नाही, माझं मन बदललेलं नाही. पतसंस्थेने कर्ज अडवलंय. जामीनदाराचं ओळखपत्र जुनं निघालं म्हणतात.

बुधवारपर्यंत होईल.

बुधवारी मॅनेजर आलाच नाही हो. लग्नाला गेलाय.

आता जमिनीच्या कचेरीत फाईल सापडत नाहीये. मी काय करणार? मीसुद्धा त्यांच्या पाया पडतेय.

आठ म्हणताय? बघते. पण मी शब्द देत नाही, उगाच तुमचा जीव टांगणीला लागायचा.

मोजणीवाला म्हणतो, पाऊस थांबू दे.

तुमच्याकडे थांबला? इकडे पडतोय.

जाजांना सांगा, मी रोज नाव घेते त्यांचं.

(पतसंस्थेत तिने अर्जच केला नव्हता. बँकेत आठ कोटी पडून होते. म्हणजे त्या दिवशी भाव आणि पैसा सारखे झाले होते, आणि गोष्ट तिथे संपू शकली असती. नाबोसाने फोन ठेवला आणि मोटारीचं तेल घालावं तसं मशिनला तेल घातलं, सावकाश, थेंब थेंब.)


साडेसात कोटी

त्या शुक्रवारी बस आली आणि सालोंगोला न घेताच गेली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही.

नाबोसाला कळलं. आठवड्यातून दोनदाच्या जागी एकदा. शुक्रवार परवडेनासा झाला होता.

शनिवारी नालोंगो दुकानात आली. दुकानात एक आई पोराचा गळा मोजून घेत उभी होती. सत्तरीची नालोंगो आली, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि नाबोसापुढे, तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान बाईपुढे, सिमेंटच्या फरशीवर गुडघे टेकून बसली.

पोराच्या आईने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, हे काय?"

"उठा, नालोंगो, मला पाप लागेल," नाबोसा म्हणाली. टेप तिच्या हातातच होती.

"साडेसातला घे. पण या आठवड्यात घे. डॉक्टर म्हणतो, शुक्रवार चुकवायचा नाही."

"पतसंस्थेची बैठक गुरुवारी आहे."

"गुरुवारनंतर शुक्रवार येतो," नालोंगो म्हणाली. तिने वर बघितलं नाही. तिची नजर नाबोसाच्या चपलांवर होती. नव्या चपला, सोनेरी बक्कल. नालोंगोने बक्कल जरा जास्तच वेळ बघितलं.

"मी बोलून बघते," नाबोसा म्हणाली. "तुम्ही चहा घेऊन जा."

नालोंगोने चहा घेतला नाही. ती गेल्यावर पोराची आई म्हणाली, "बिचारी." नाबोसा म्हणाली, "कॉलर साडेअकरा," आणि वहीत लिहून ठेवलं.


सात कोटी

चेअरमन म्हणजे वस्तीचा चेअरमन. त्याच्या पडवीत तो, त्याचा शिक्का आणि शिक्क्याची डबी एका टेबलावर असायचे. त्याच्या शिक्क्याशिवाय तिथे बकरीसुद्धा विकली जात नाही. मोजणी होऊन गेली होती. सालोंगोला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. त्याचा चेहरा पिवळा पडला होता आणि तोंडाला अमोनियासारखा वास येत होता, पण डोळे तसेच होते.

"काटा सात वर थांबला," तो म्हणाला. "ओली कॉफी घेऊन गरजू शेतकरी आला की आमच्या गिरणीतले व्यापारी म्हणायचे, उद्या ये. उद्याला दाणा वाळतो, वजन उतरतं. तूसुद्धा मला वाळत घातलंस, पोरी. झकास वाळवलंस."

"जाजा, असं कसं बोलता? कचेरीमुळे उशीर झाला."

"हो. कचेरी फार कडक ऊन देते."

चेअरमन खोकला आणि कागद वाचू लागला. नाबोसाने हात वर केला.

"एक मिनिट. मोजणीत समोरची पट्टी मालकीपत्रात बसत नाही."

ते खरं होतं. घराच्या पुढे, रस्त्याच्या कडेने, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत आठ फूट रुंदीची पट्टी सालोंगोने मागाहून शेजाऱ्याकडून घेतली होती. साध्या कागदावर, चेअरमनच्या शिक्क्याने. फाटक त्याच पट्टीत होतं. तिथे जास्वंदीची रांग होती आणि कोंबड्या.

"तिचाही कागद आहे," नालोंगो म्हणाली. "तो पण घे."

"मी मालकीपत्रातलं तेवढंच विकत घेते. साध्या कागदाला बँक विचारत नाही. त्या पट्टीचे पन्नास लाख कापा."

कियिंगी नखांकडे बघू लागला. दोन महिने त्याने खूप पाहिलं होतं, पण कागद वाचायला घेतल्यावर कुणी भाव कापलेला पाहिला नव्हता.

नाबोसाचं गणित सोपं होतं. आठ फुटांची पट्टी दुसरं कोण घेणार? तिथे कुणी घर बांधणार नाही, मका पेरणार नाही. पैसे न देताही ती तिचीच राहणार होती.

सालोंगोने डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. नाबोसाला वाटलं, गेला. सहीआधीच गेला! मग त्याने डोळे उघडले. तो हसत होता.

"आठ फूट," तो नालोंगोला म्हणाला. "ऐकलंस? बाईला आठ फूट नकोत." आणि चेअरमनला म्हणाला, "लिही. घर आणि मालकीपत्रातली जमीन तिची. समोरची पट्टी विकलेली नाही, ती सालोंगोची. नीट लिही. कुंपणापासून कुंपणापर्यंत लिही."

"पण फाटक..." कियिंगी म्हणाला.

"तू गप," नाबोसा म्हणाली. तिला वाटलं, तो आता पन्नास लाखांवरची दलाली वाचवायला बसेल.


साडेसहा कोटी

सालोंगोने सही केली. नालोंगोची सही लागते, तीही झाली. चेअरमनने शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली. पैसे त्याच दिवशी बँकेतून गेले. चाव्या पुढच्या शनिवारी.

शुक्रवारी बस आली. सालोंगोला चौघांनी चढवलं. नाबोसाने बघितलं नाही. तिला आता बघायची गरज नव्हती. ती पडद्यांचं कापड कापत होती.


आठ फूट

शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर मृत्यूच्या बातम्या लागल्या. रोज लागतात. नाबोसा रोज ऐकते, कारण शोकात जायचं तर कपडे शिवून लागतात.

निवेदक एका सुरात वाचत होता. गिरणीचे निवृत्त मापाडी, सालोंगो, कंपालाच्या वाटेवर बसमध्येच वारले. दफन उद्या दुपारी दोन वाजता, त्यांच्या राहत्या जागी. मग त्याने जागा सांगितली. पाण्याची टाकी, हिरवं छप्पर, समोर जास्वंदी.

नाबोसाने कात्री खाली ठेवली.

ती शनिवारी बारा वाजता पिकअप घेऊन पोचली. मागे दोन मशिनं, गादी, पडदे. रस्त्यावर तंबू होता, खाली बायका चटयांवर बसलेल्या. मोठ्या पातेल्यांत केळी शिजत होती. जास्वंदी उपटून बाजूला टाकली होती. फाटक बिजागऱ्यांवरून काढून झाडाला टेकवलं होतं आणि जिथे फाटक होतं तिथे, बरोबर मध्यावर, दोन गवंडी खड्ड्याच्या आत विटा लावत होते. सिमेंट ओलं होतं.

"चेअरमन!" ती ओरडली. "हे माझं घर आहे!"

"घर तुझंच आहे," चेअरमन म्हणाला. त्याने कागद सोबतच आणला होता. "घरात कुणी खणत नाहीये. वाच. कुंपणापासून कुंपणापर्यंत."

"मग मी आत कुठून जाऊ? डावीकडून?"

"डावीकडे ते आणखी दोन थडग्यांसाठी जागा सोडतायत. नालोंगो आहे, तिची नणंद आहे." त्याने आवाज खाली आणला. "उजवीकडच्या कुंपणापलीकडे शेजारी आहे. त्याला विचार. पण तोही आता भाव करेल."

कियिंगी तंबूच्या खांबाआड उभा होता. "मी फाटक म्हणालो होतो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, गप. मी गप्प बसलो."

बायका नाबोसाकडे बघत होत्या. त्यांतली एक म्हणजे ती पोराची आई. मेलेल्याच्या दारात उभं राहून भांडत नाहीत, एवढं लहान पोरालाही कळतं. नाबोसाने पर्स उघडली, दहा हजार काढले आणि माबुगोची, म्हणजे शोकाच्या वर्गणीची, वही घेऊन बसलेल्या माणसाला दिले. त्याने तिचं नाव लिहिलं आणि पुढे, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आकडा वाचला.

मग ती चटईवर गेली. कफनासाठी झाडाच्या सालीच्या कापडाच्या घड्या रचल्या होत्या, त्यांच्याशेजारी नालोंगो पाय पसरून बसली होती. नाबोसाने गुडघे टेकले.

"नालोंगो. दुःख झालं मला."

"हो."

"वाटेचं काहीतरी बघायला हवं. चार फूट मला विका. तुम्ही म्हणाल तो भाव. पन्नास लाख. कोटी."

नालोंगोने मांडीवरच्या टोपलीतून कॉफीचे दाणे उचलले आणि पुढे केले. नाबोसाने घेतले.

"विकते ना," नालोंगो म्हणाली. "का नाही विकणार? पण जमीन त्याची होती. आधी उत्तरकार्य होऊ दे. कुळाची बैठक होऊ दे. वारस बसू दे. जुळे दोघं परदेशात आहेत, त्यांचं तिकीट होऊ दे. मग बघू. घाई कशाला?"

"किती दिवस लागतील?"

नालोंगोने तिच्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही. तिची नजर खाली गेली, चटईवर मागे दुमडलेल्या पायांकडे, सोनेरी बक्कलांकडे, बक्कलाच्या पट्ट्याने घोट्यावर उमटलेल्या खाचेकडे. ती जरा पुढे वाकली आणि अंगठ्याने ती खाच दाबून बघितली.

"तुझं वय काय गं आता?" तिने विचारलं.