सूपभर कोंडा

"पाच घरं झाली पाहिजेत! आणि मागून आण हां. कुणी आपण होऊन दिलं तर ते चालायचं नाही," अक्कांनी दारातून सुनेला बजावलं.

अंबिका अंगणात एक हात कमरेवर ठेवून उभी होती. आठवा महिना सरत आला होता, पायांवर सूज होती आणि उज्जैनचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. अशा अवस्थेत घरोघर जाऊन येणाऱ्या बाळासाठी जुनी फडकी भीक मागायची, म्हणजे कुठल्या बाईला गोड वाटेल? पण तिनं ब्र काढला नाही. दोन मुलं आठवडा पुरा व्हायच्या आत हातातून गेली होती. या तिसऱ्यासाठी तिला कुणी देवास गेटवर पदर पसरून बस म्हटलं असतं, तरी ती जाऊन बसली असती.

पहिला मुलगा, दुसरी मुलगी. दोन्ही अंगानं धडधाकट, दोन्ही जन्मताच खणखणीत रडलेली. आणि मग एक दिवस जबडा मिटला तो मिटलाच. दूध ओढेनात, हात लावला तरी अंग ताठ व्हायचं. डॉक्टरांनी धनुर्वात म्हटलं, अक्कांनी सटवीचा फेरा म्हटलं. नाव काहीही ठेवा, तिच्या नवऱ्यानं, सुधाकरनं, दोन्ही वेळा ते गाठोडं छातीशी धरून क्षिप्रेच्या काठी नेलं होतं. येऊन आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी कचेरीत गेला. त्यानंतर तो घरात मोठ्यानं कधी हसला नाही.

या खेपेला अक्कांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. "हे मूल तुझं नव्हेच, समजलीस? नवं कापड नाही, कौतुक नाही. सगळं मागून आणलेलं. जन्मलं की थेट दुसरीच्या ओटीत घालायचं. तू दूध पाज, पण दाई म्हणून. माझं म्हणायचं नाही. मग बाराव्या दिवशी सूपभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. कोंड्याला मिळालेल्या मालावर कोण नजर ठेवतंय? आमचा तात्या असाच वाचला. अजून लाडू फोडतोय ग्वाल्हेरला बसून!"

अंबिका फडकी मागत हिंडली. चार घरी मिळाली. पाचवं घर अंगणापलीकडचं, मीराचं. मीराचा नवरा गोपाळ कापडाच्या गिरणीत होता. लग्नाला बरीच वर्षं झाली, कूस उजवली नव्हती. अंबिकेच्या ओटीभरणाला अक्कांनी अख्खी गल्ली बोलावली होती, तेव्हा तिला तेवढं वगळलं होतं. मीरानं ट्रंक उघडून वापरून मऊ झालेलं सुती लुगडं काढलं आणि अंबिकेच्या देखत फाडलं.

"अहो, चांगलं होतं ना ते!"

"राहू दे गं. मला काय करायचंय?"

अक्का मागोमाग येऊन पोचल्याच. बाळाला ओटीत घ्यायला बाकीच्या बायका कां कूं करत होत्या. ज्यांच्या घरी पोरंबाळं, त्यांना आपल्याकडे बला यायची भीती. अक्कांनी मीराला तोंडावरच सांगितलं, "तुझ्या घरी न्यायला काही नाहीच, तर येईल कोण? तू घे."

काय बोलणं हे! अंबिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीरानं जरा वेळ हातातल्या चिंध्या नीट केल्या आणि म्हणाली, "घेईन."

आता दुसरी गोष्ट. जच्चाखान्यातली, म्हणजे बाळंतपणाच्या दवाखान्यातली, शैला नर्स गल्लीगल्लीतून फिरायची, पोटुशी बाई दिसली की दारात ठाण मांडायची. तिनं अंबिकेला एवढंच विचारलं, "मागल्या वेळी नाळ कशानं कापली?"

"सुईणीनं. विळ्यानं."

"वर काय लावलं?"

"शेणीची राख."

शैला म्हणाली, "नवं पातं आणा, दोरा आणा. दोन्ही खळखळ उकळायचं. फडकी उकळून कडक उन्हात वाळवायची. नाळेला राख नाही, हळद नाही, तेल नाही. बिलकुल काही नाही. आणि कळा सुरू झाल्या की सुईणीला नाही, मला बोलवा."

"राखेनं कधी कुणी मरतं काय?" अक्का आतून फणकारल्या. "आमच्या घरची सगळी राखेवरच वाढली!"

दोघींच्या मध्ये अंबिका उभी. कुणाचं ऐकायचं? कुणाचं नाही ऐकलं आणि पुन्हा तसंच झालं तर? ती म्हणाली, "दोन्ही करू ना, अक्का. एक तरी लागू पडेल."

मग तिनं दोन्ही केलं. भिकेची फडकी मोठ्या पातेल्यात उकळली, अंगणातल्या दोरीवर घातली, वाळल्यावर घडी घालताना मनात म्हणत राहिली, हे माझ्यासाठी नाही, माझ्यासाठी नाही. कधी पोटात बाळ ढुशी मारायचं आणि तिचा हात आपसूक तिथं जायचा. ती तो काढून घ्यायची. पोटातल्या पोराशी चोरी करायची वेळ आलेली ती बाई, तिला कुणी काय समजवावं?

श्रावणात एका दुपारी कळा आल्या. शैला आली, तिनं अक्कांना शेणीच्या राखेची वाटी घेऊन बाहेर जायला सांगितलं. अक्का गेल्या, पण दारापर्यंतच. दिवस कलायच्या सुमाराला मुलगा झाला आणि असा रडला की अंगणातली कबुतरं उडाली.

"बघू नकोस!" अक्का दारातूनच ओरडल्या. "सूनबाई, तोंड फिरव!"

अंबिकेनं भिंतीकडे तोंड केलं. मीरानं ओटी पसरली. शैला नर्सच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तिनं बाळ दिलं. मीरा त्याला घेऊन अंगण ओलांडून गेली, तिची पावलं अंबिका कान देऊन ऐकत राहिली.

सोयरही मीरानंच पाळलं, जशी काही तीच बाळंत झाली होती. भूक लागली की ती बाळाला आणायची, अंबिका डोळे मिटून पाजायची, मीरा घेऊन जायची. दोघी फारसं बोलत नसत. ज्या दिवसांचा धसका होता ते दिवस एकेक करून आले. अंबिका पाजताना बाळाच्या हनुवटीला बोट लावून बघायची, जबडा मऊ आहे ना. मऊ होता. दिवस गेले. सुधाकर संध्याकाळी कचेरीतून आला की मीराच्या खिडकीशी जाऊन घुटमळायचा, आत डोकावायचा आणि कुणी पाहिलं की चप्पल शोधल्यासारखं करायचा.

बाराव्या दिवशी अंगणात बायका जमल्या. मीरानं बाळाला सुपात ठेवलं. अक्कांना तर उत्साहाचं भरतं आलं होतं.

"काय घेशील गं या टाकाऊ पोराचं?"

"द्याल ते," मीरा म्हणाली. सुपाची कड तिनं अजून सोडली नव्हती.

अक्कांनी सूपभर कोंडा तिच्या पदरात ओतला. बायका कोंडू कोंडू म्हणत हसल्या, टाळ्या वाजल्या, आणि बाळ अंबिकेच्या मांडीवर आलं. इतके दिवस दाताखाली धरून ठेवलेला शब्द तिच्या तोंडून निसटला. "माझा," ती म्हणाली. "माझा गं माझा!" आणि सगळ्यांच्या देखत रडली.

त्याच संध्याकाळी बाळाचं अंग तापलं.

दूध घेईना. श्वास घरघरायला लागला. वारा लागू नये म्हणून अक्कांनी दारं-खिडक्या दुपारपासून गच्च लावल्या होत्या, शेगडी पेटती होती, तिच्यावर ओवा-शेपांची धुरी. अंबिकेनं बाळाच्या हनुवटीला बोट लावलं, पण जबडा मऊ आहे की ताठ, काही कळेना. ती उठली, तशीच, केस सुटलेले, अंगण ओलांडून धावली आणि बाळ मीराच्या मांडीवर टाकलं.

"तुमचं आहे! मीराताई, तुमचंच आहे, मी नाही घेतलं! कोंडा द्या परत!"

मीराच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. थोड्या वेळानं बाळ शांत झालं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्यानं आईच्या, नव्हे, दाईच्या अंगावर भुकेनं तोंड लावलं.

शैला नर्स आली आणि अंबिकेच्या खोलीत पाय ठेवताच खोकली. "केवढा हा धूर! मोठ्या माणसाचा जीव जाईल. तुम्ही त्याला धुरात कोंडलंत, तिथं मोकळी हवा मिळाली. बस, एवढंच झालं. काही फिकीर करू नका, आपल्या पोराला आपल्याकडे घ्या."

"आणि ती दोघं?" अंबिकेनं विचारलं.

"ती नाळेमुळे गेली. मी तेव्हाच सांगितलं."

"याची नाळ तुम्ही कापली. आणि मीराताईंच्या ओटीत अक्कांनी घातलं. दोन्ही केलं मी. कशानं वाचला, पक्कं सांगा ना."

"अहो, सांगते तर आहे, पक्कं!"

"मग शपथ घ्या. मी याला माझा म्हटलं तर याला काही होणार नाही, अशी घ्या."

शैला भली बाई होती, म्हणूनच घोटाळा झाला. आजवर तिनं कितीतरी पोरं उकळलेल्या पात्यानं सोडवली होती आणि त्यातली काही नंतर जाताना पाहिलीही होती. "बाई," ती म्हणाली, "लहान मुलाच्या जिवाची शपथ कशी घेऊ मी?"

खोटी शपथ घेतली असती तर काय बिघडलं असतं! पण तिनं नाही घेतली, आणि अंबिकेनं त्या दिवसापासून बाळाला आपल्या उंबऱ्याच्या आत आणलं नाही.

मध्यभारत मोडणार, नवा मध्य प्रदेश होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, हे कधीपासून कानावर होतं. दिवाळीच्या तोंडावर सुधाकरच्या हातात तबादल्याचा हुकूम पडला. अक्कांनी भांडी पोत्यात भरायला घेतली. बाळाचा विषय कुणीच काढेना. शेवटी अक्कांनाच राहवेना.

"मीराकडून त्याला घेऊन ये आता. पाळणा सामानाच्या वर बांधायचाय."

"तो येणार नाही, अक्का."

"म्हणजे?"

"तिथं ठीक आहे तो. तिथं जगतो."

अक्कांच्या हातातलं पातेलं खाली आलं. "अगं, रीत ती! आपल्या समाधानासाठी करतात. करायची आणि मोकळं व्हायचं. पोर कधी खरंच देतं का कुणी?" त्यांनी तिचा दंड धरला. "माझं ऐक गं. मीच सांगितलं होतं ना? मीच आता म्हणते, काही नसतं त्यात."

"तुम्ही सांगितलंत म्हणून वाचला तो."

सुधाकर इतका वेळ ट्रंकेची कडी लावत होता. "अंबिका, वेडेपणा करू नकोस," तो म्हणाला. "पोर आपलं आहे."

"आपलं आहे म्हणूनच तर! आपली दोन होती ना?" ती त्याच्याकडे वळली. "अहो, तुम्ही दोघांना नेलंत. याला न्याल? सांगा, न्याल का? तुमच्यात ताकद असेल तर आत्ता जाऊन घेऊन येते."

सुधाकरनं हातातली कडी सोडली. मग तो भिंतीशी जाऊन बसला आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

निघायच्या सकाळी अंबिका मीराकडे गेली. बाळाला पाजलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. कानामागची लव, पोटावर कोरडी सुबक बसलेली बेंबी, सगळं बघून घेतलं. मीरा दाराला पाठ लावून उभी होती.

"घेऊन जा गं बाई," ती एकाएकी म्हणाली. "पाया पडते. अजून घेऊन जा. माझा लोभ वाढत चाललाय."

"वाढू द्या."

"मोठा झाला की काय सांगू मी त्याला?"

"काही सांगू नका. गाईचं दूध उकळून द्या. खोलीत धूर नको. खिडकी उघडी ठेवा." शैला नर्सचं सगळं तिला पाठ होतं. "आणि कोंडू कोंडू म्हणू नका आता. नाव ठेवा चांगलं."

"विष्णू म्हणते मी त्याला," मीरा खाली बघत म्हणाली. "तुझ्या माघारी."

"छान आहे," अंबिका म्हणाली. तिनं बाळाला मीराच्या हातात दिलं, पदर सावरला आणि टांग्यात जाऊन बसली. अक्का घोड्याकडे तोंड करून बसल्या होत्या, त्यांनी मागं वळून बघितलंच नाही.

गाडी सुटली. मक्सीला एक म्हातारी डब्यात चढली आणि अंबिकेच्या समोर येऊन टेकली. दुपार झाली, बाळाची प्यायची वेळ उलटून गेली. अंबिकेची छाती दगडासारखी झाली, मग दूध आपोआप वाहायला लागलं. पदराखालून चोळीवर ओला डाग पसरला. म्हातारीनं तो बघितला, तिच्या रिकाम्या मांडीकडे बघितलं, आणि चुकचुकली. ती हात पुढे करून अंबिकेच्या गुडघ्यावरून फिरवू लागली.

"हे भगवान! बच्चा कब गया, बेटी?"

सुधाकरनं मान खिडकीबाहेर फिरवली. अक्कांनी डोळ्यांना पदर लावला.

"गया नहीं, माँजी," अंबिका म्हणाली. "उज्जैन में है. अच्छा है."

"इत्तासा बच्चा? किसके पास छोड़ा?"

अंबिकेनं ओला पदर छातीशी घट्ट ओढून घेतला.

"उसकी माँ के पास," ती म्हणाली.