बटण फक्त रुग्णाने दाबावे

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाणी उपसणारा नव्हे. माझ्या पोटात जेमतेम अर्धा पेला औषध मावते. माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्याकडून शंभर वेळा एकेक माप औषध सोडवून घेतले आणि दर वेळी ते तोलून पाहिले. शंभरही मापे सारखीच भरली, तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यापेक्षा बरा आहे गं हा!" माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

माझे काम सोपे आहे. बरे न होणाऱ्या आजारात फार दुखते. दुखले की रुग्णाने बटण दाबायचे आणि मी नळीतून एक माप औषध त्याच्या शिरेत सोडायचे. त्यानंतर दहा मिनिटे कितीही वेळा बटण दाबा, मी काही देत नाही. 'टिंग' असा आवाज मात्र दर वेळी करतो. नाही म्हटलेले ऐकून माणूस खचू नये, म्हणून मला तसे बनवले आहे. बटणावर चिठ्ठी आहे : फक्त रुग्णाने दाबावे. गुंगी आली की रुग्णाचा हात आपोआप थांबतो. दुसऱ्याचा थांबत नाही.

माझ्या नोकरीच्या नवव्या वर्षी मला एका निवृत्त बसचालकाच्या खाटेशी लावले. आजार हाडांत पोचला होता. थोरला मुलगा सकाळी येई, धाकटी मुलगी दुपारी. म्हातारा रोज एकच गोष्ट मागत होता : आता मला जाऊ द्या.

"बाबांचं दुखणं बोलतंय ते," मुलगा बहिणीला म्हणे. "दुखायचं थांबलं की असलं काही बोलणार नाहीत."

"आणि थांबलंच नाही तर?"

"म्हणून काय मारून टाकायचं? काहीतरीच!"

एका दुपारी मुलगी एकटीच बसली होती. म्हाताऱ्याने बटण तिच्या हातात दिले. "मला जोर नाही. तू दाब. मी झोपलो तरी दाबत राहा."

तिने चिठ्ठी वाचली आणि बटण दाबले. टिंग. पुन्हा दाबले. टिंग. दहा मिनिटांचा नियम तिला ठाऊक नव्हता. प्रत्येक आवाजाबरोबर एक माप जाते आहे, असे तिला वाटत होते. तासाभरात तिने सत्त्याण्णव वेळा बटण दाबले. मी सहा मापे दिली. म्हातारा गाढ झोपला. तिने बटण खाली ठेवले, त्याचा हात धरला आणि श्वास थांबायची वाट पाहत बसली. श्वास चालूच राहिला.

सिस्टर आल्या. त्यांनी माझा पडदा पाहिला आणि डॉक्टरांना बोलावले.

"बटण कोणी दाबलं?"

"मी," मुलगी म्हणाली. "त्यांनी सांगितलं म्हणून. काय व्हायचं ते मला माहीत होतं."

निरोप मिळाल्यावर मुलगा धावत आला. "अगं, बाप आहे तो आपला!"

"म्हणूनच, दादा."

डॉक्टर रागावणारच होते. पण त्यांनी माझे मागच्या दिवसांचे आकडे उघडले. मी दोन आकडे ठेवतो : किती वेळा मागितले आणि किती वेळा दिले. गेले चार दिवस म्हाताऱ्याने स्वतः रोज साठ-सत्तर वेळा मागितले होते. मिळाले होते वीस वेळा. तक्त्यात रोज फक्त वीस लिहिले जाई, आणि 'वेदना आटोक्यात' असा शेरा पडे. पहिला आकडा कोणी पाहिलाच नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही आकडे तक्त्यात लिहिले. मग म्हणाले, "चूक आमची आहे."

त्यांनी औषध बदलले, माप वाढवले. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने पाच वेळा मागितले, पाचही वेळा मिळाले. तो उठून बसला, दाढी करून घेतली, सिस्टरांच्या चालण्याची नक्कल केली. मुलाचा चेहरा उजळला.

"बघा बाबा, आता दुखत नाही ना?"

"नाही रे. अजिबात नाही."

"मग ते जाण्याचं खूळ गेलं ना डोक्यातून?"

"नाही," म्हातारा शांतपणे म्हणाला. "चाळीस वर्षं कोणीही बेल मारली की मी गाडी थांबवली. कारण विचारलं नाही. आता मी बेल मारतोय, तर कोणी थांबवेना."

मुलगा उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने परत आला आणि खाटेच्या पायथ्याशी बसला.

डॉक्टरांनी समजावून सांगितले : जीव जावा म्हणून औषध देता येणार नाही, कायदा नाही म्हणतो. पण नको असलेले उपचार नाकारण्याचा हक्क तुमचा आहे. छातीत संसर्ग झाला तर प्रतिजैविक नको, श्वासाचे यंत्र नको, असे लिहून देता येईल.

"म्हणजे मरू दिलेलं चालतं, मारलेलं चालत नाही," मुलगी म्हणाली. "फरक काय?"

"फरक आहे असं मी मानतो," डॉक्टर म्हणाले. "पण रोज तितक्याच खात्रीनं नाही."

म्हाताऱ्याने सही केली. मुलाने साक्षीदार म्हणून सही केली. अकरा दिवसांनी छातीत संसर्ग झाला आणि एका सकाळी, दोन्ही मुले जवळ असताना, म्हातारा गेला. शेवटच्या दिवशी कोणी एकदाही बटण दाबले नव्हते. बहीणभावाचे मात्र त्यानंतरही एकमत झालेले मी ऐकले नाही.

आता माझी बॅटरी तग धरत नाही. मी सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या वरच्या फळीवर असतो. कोणाचे बरोबर होते, हे मला कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी मला सांगता येणार नाही. मला मोजता येते, प्रश्न विचारता येत नाही. ते काम तुमचे. मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी आजारी असेल, तर त्याला किती मिळाले एवढेच पाहू नका. त्याने किती वेळा मागितले, तेही पाहा. आधी त्याचे दुखणे थांबवा, मग त्याला काय हवे ते विचारा. आणि उत्तर तुम्हाला नको असलेले आले, तरी ते पुरते ऐकून घ्या.