नंबर बदलतोय

आमच्या ह्यांचं केस कापायचं दुकान आहे आणि तिथे कायदा एकच: नंबर मोडायचा नाही. कितीही मोठा माणूस येवो, मुकाट बाकावर बसायचं. म्हणून तर सगळा घोळ झाला.

ह्यांची साखर भलतीच वाढलेली निघाली. इन्शुलिन सुरू झालं, साखर उतरू लागली आणि जवळचं धूसर दिसायला लागलं. डोळे तपासून आलो, चष्म्याचं कळवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या मुलीचा फोन आला, "डॉक्टरबाईंनी सांगितलंय, तुमचा नंबर सध्या बदलत राहणार. महिनाभर तरी थांबा."

ह्यांचा पारा चढला. "माझा नंबर बदलून कुणाला दिला? वशिल्याचे घुसवताय काय मधे?"

फोन आपटला आणि तडक चष्म्याच्या दुकानात जाऊन नवा चष्मा करून आणला. काय तो रुबाब!

रुबाब फार टिकला नाही. साखर आणखी उतरली आणि नवा चष्माही कुचकामी ठरला. मग गिऱ्हाइकांना "आज दाढी नाही, वस्तऱ्याला धार नाही" अशा थापा सुरू झाल्या. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा खुर्चीत बसून म्हणाले, "आंधळा होतोय गं मी. वस्तरा सुटला तर मी करू काय?"

हा माणूस तापाने फणफणला तरी ब्र काढत नाही.

ओढतच डॉक्टरबाईंकडे नेलं. सगळं ऐकून त्यांना हसू आवरेना.

"अहो, चष्म्याचा नंबर! साखर उतरताना डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो, म्हणून नजर हलते. तुमचे डोळे नीट तपासलेत मी, बाकी काही बिघाड नाही. साखर स्थिरावली की नंबर ठरेल. चष्मा तेव्हाच करा."

"आणि वस्तरा?"

"तोवर हात लावायचा नाही."

ह्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि घरात माझं डोकं खाल्लं. शेवटी साखर स्थिरावली, नंबर दोनदा तपासला, तोच निघाला. चष्मा आला.

दुकान उघडलं तर समोरचा कुलूपवाला हजर, जंगलासारखी दाढी वाढवून.

"अरे, दुसरीकडे करायची की!" हे म्हणाले.

"छे! माझ्या गळ्याला दुसऱ्याचा वस्तरा चालत नाही," म्हणत त्याने मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

ह्यांनी वस्तरा उचलला. हात अगदी स्थिर होता, पण नव्या काचांमागे डोळे भरून आले.

"अहो," मी ओरडले, "आधी रडून घ्या, मग दाढी करा!"