फोटोत न बसणारी जागा

घराबाहेर पडायचं म्हटलं की आपल्या घरातल्या बायका पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत, हे आपण विचारत नाही. साहेबांनीही आपल्या आईला कधी विचारलं नव्हतं.

साहेब म्हणजे शहर सुशोभित करणाऱ्या खात्याचे प्रमुख. मोठी क्रीडास्पर्धा भरणार, देशोदेशीचे पाहुणे येणार आणि सामने नसतील तेव्हा गाव बघत हिंडणार. म्हणून साहेबांनी शहर नटवलं होतं, घाईच्या लग्नातल्या नवरीसारखं: समोरून झगमगाट, पाठीमागे नुसत्या टाचण्या. मनोऱ्यावर रंगीत दिवे, जुन्या वेशीला सोनेरी रंग, तळ्याकाठी घराएवढा पोलादी चेंडू. त्या चेंडूने कोण काय खेळणार, ते देवाला ठाऊक आणि ठेकेदाराला.

स्थळदर्शनाच्या नव्या बसची पहिली फेरी निघाली, तेव्हा साहेबांनी आईला खिडकीशी बसवलं.

"बघ तर खरं, तुझ्या लेकाने काय केलंय."

आईला मुतखड्याचा त्रास. डॉक्टरांनी दरडावलं होतं म्हणून ती त्या दिवशी भरपूर पाणी पिऊन निघाली होती. मनोऱ्यापाशी तिने हळूच विचारलं, "इथं कुठं जायची सोय आहे का रे?"

"पुढं असेल."

वेशीपाशीही साहेबांचं उत्तर तेच. ते फोटो काढण्यात गुंग.

"आई, जरा हस की."

"हसले तर पंचाईत होईल, बाबा."

तळ्याकाठी उतरल्यावर तिने बसमधल्या माहिती सांगणाऱ्या मुलीलाच गाठलं. मुलगी साहेबांना ओळखत नव्हती.

"स्वच्छतागृह होतं ना मावशी, त्या फलकामागंच. पण कुणी मोठे साहेब आहेत म्हणे, त्यांना ते चेंडूच्या फोटोत नको होतं. कुलूप घातलं आणि पुढं फलक ठोकला."

फलकावर एक धावपटू मुलगी हसत सगळ्यांचं स्वागत करत होती. आईने तिच्याकडे पाहिलं.

"हसतेय बाई. हिची सोय झालेली दिसते." मग ती लेकाकडे वळली. "तो मोठा साहेब तूच ना?"

"अगं, पाहुण्यांना चांगलं तेच दाखवायला नको का?"

"दाखव ना. पण पाहुण्यांत बायका नसतील? लेकरं, म्हातारी माणसं नसतील? बघण्यासारखं इतकं केलंस राजा, घटकाभर बसण्यासारखं काही केलंस का?"

साहेब ओशाळले. रखवालदाराला हाक मारली. किल्ली ठेकेदाराकडे, ठेकेदाराचा फोन बंद. फोनशी झटापट करून ते परतले, तेव्हा आई बाकावर बसलेली.

"चल आई, जवळच्या हॉटेलात विचारू."

ती उठली नाही. "तू हो पुढं. मी बसते जरा."

साहेबांना कळेना. मग त्यांची नजर बाकाखाली गेली.

जिने त्यांची ओली दुपटी नाक न मुरडता बदलली, ऊन नसेल तेव्हा उबेला धरून वाळवली, ती माऊली पदर ओढून खाली मान घालून बसली होती. भाषणांसाठी शिवलेला कोट साहेबांनी अंगातून काढला आणि तिच्या कमरेभोवती गुंडाळला.

"माझं चुकलं, आई!"

मुलीने काय ते ओळखलं. "चला, चेंडूची पलीकडची बाजू बघू," म्हणत तिने बाकीच्यांना दूर नेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः उभं राहून फलक उतरवला. कुलपं निघाली, नळांना पाणी आलं, दारांना आतून कड्या लागल्या. तळ्यापाशीच नव्हे, प्रत्येक प्रेक्षणीय स्थळी.

"अहो, फोटो बिघडतोय," वरिष्ठ म्हणाले.

"बिघडू द्या," साहेब म्हणाले.

वाचकहो, तो फलक काही आपण ठोकला नव्हता. पण त्याच्यापुढं उभं राहून फोटो मात्र आपणही हौसेनं काढले. त्या बाकावर लाज वाटली ती एका म्हातारीला. वाटायला हवी होती सगळ्या शहराला.