पाटकरांच्या दारावरचं झाड

मुलुंडच्या त्या सोसायटीत गच्चीवर काय काय चालायचं, हे एकदा बघून घ्यावं. सेक्रेटरी श्यामसुंदर पाटकरांची मोडकी खाट चालायची, त्यांच्या मेव्हण्याचे पत्र्याचे डबे चालायचे, त्यांचे सांडगे तर अर्धी गच्ची अडवून चालायचे. चालत नव्हत्या त्या पहिल्या मजल्यावरच्या वनमाला खंडारेच्या तीन कुंड्या.

कुंड्यांत वाळवंटी गुलाब होते. वनमालाचा नवरा शिवदास मस्कतला वेल्डर. मागच्या सुट्टीत त्याने ही झुडपं लुंगीत गुंडाळून, विमानात मांडीवर घेऊन आणली होती. बुंधा सुखवस्तू पोटासारखा सुटलेला, वर चार काटकुळ्या फांद्या. पाण्याची सगळी बचत त्या पोटात. उन्हाळ्यात आठवड्याला तांब्याभर द्यायचं, पावसात प्लास्टिकखाली झाकायचं आणि थंडीत पानं गाळून झोपलं की हातही लावायचा नाही, असं बजावून तो गेला होता. चैत्रात तो परत येईल तेव्हा थोरल्या झुडपाला फूल हवं, एवढं वनमालाने मनाशी धरलं होतं.

पाटकर गच्चीच्या बरोबर खाली राहायचे. जुलैत त्यांच्या छताला ओल आली आणि दोषी सापडायला त्यांना जिना चढावा लागला नाही.

"कुंड्यांचं पाणी मुरतंय," ते म्हणाले.

"आभाळ फाटलंय, पाटकर. त्यात तुम्हाला माझा तांब्या तेवढा दिसला?"

वनमाला पोस्टाच्या खिडकीवर बसायची; माणसाला परत पाठवायची तिला सवय होती. पण कमिटीने ठरवलं, कुंड्या खाली टाकीमागे ठेवा. तिथे बारमाही सावली आणि शेवाळं. तिथे हे झुडूप महिनाभरात सडलं असतं. वनमालाने मग पैज लावली. दिवाळीपासून मी थेंब घालणार नाही. तरी छत गळलं, तर कुंड्या जागेवर राहतील आणि तुम्ही गच्ची खणा.

जानेवारीत छत गळलं. तेही पाटकरांच्या उशीवर.

"बाई चोरून पाणी घालते," पाटकर दूधवाल्यालासुद्धा सांगू लागले.

वनमालाच्या डोक्यात तिडीक गेली. रविवारी भर दुपारी तिनेच कमिटी गच्चीवर बोलावली. पाटकरांची बायको कुंदाही सांडगे उलटायच्या निमित्ताने आली.

"घाला बोट," थोरल्या कुंडीकडे दाखवत वनमाला म्हणाली. "सगळ्यांसमोर."

पाटकरांनी बोट घातलं. बाहेर आलं ते चिखलाने माखून. त्यांनी ते प्रत्येकाच्या नाकासमोर फिरवलं. लग्नात अत्तरदाणी फिरवावी तसं.

वनमाला पुढे झाली. तिने बुंधा दाबला. पिकल्या आंब्यासारखा अंगठा आत गेला.

"कुणी घातलं पाणी?"

कुंदा सांडग्यांकडेच बघत म्हणाली, "मी. रोज सकाळी, अर्धी बादली. एक पान राहिलं नव्हतं हो. म्हटलं, ह्यांच्यावरच्या रागापायी तुम्ही बिचारी झाडं मारताय."

"झोपलं होतं ते, वहिनी. तुम्ही उठवून बुडवलंत."

पाटकर बोट पुसत म्हणाले, "तरी पाणी कुंड्यांचंच ना? म्हणजे माझं म्हणणं खरंच."

"बादली तुमची, बायको तुमची, उशी तुमची," वनमाला म्हणाली. "सोसायटीचा ह्यात संबंध काय, तेवढा सांगा."

कमिटीतले दोघं हसले. तिसरे धोंडूमामा पाटकरांचे ऋणी होते, म्हणून खोकले.

वनमाला खालून सुरी घेऊन आली. झुडूप उपटलं, तर मुळांचा काळा लगदा हातात आला. ती कापत गेली. अर्धं पोट गेलं तेव्हा कुठे पांढरा, कोरडा गर लागला. त्यावर तिने राख चोळली. बाकीची दोन टणक होती, त्यांची माती तिने तिथेच बदलली. कुंड्या हलवायचं नाव कुणी काढलं नाही.

मग तिने थोरलं झुडूप सुतळीने उलटं बांधलं आणि पाटकरांच्या दाराच्या चौकटीला टांगलं.

"हे काय?"

"दोन आठवडे उलटं सुकावं लागतं, वाऱ्यावर. ह्या मजल्यावर वारा चांगला आहे. चीक विषारी असतो, हात लावू नका. आणि पाणी कुणी शिंपडलं, तर मुलुंडभर मीसुद्धा बोलेन. दूधवाल्यापासून सुरुवात करेन."

ते जगेल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी कामावरून आली, की ती तीन मजले चढून ते बघायला जायची. काप कोरडा पडत होता.

दार बुटकं होतं. त्या दोन आठवड्यांत सेक्रेटरी श्यामसुंदर पाटकर स्वतःच्या घरात मान वाकवून शिरले.