एका डोक्याचं शूटिंग

सावकाशरावांचं खरं नाव गिऱ्हाइकं केव्हाच विसरली होती. सलून लहानसं, खुर्च्या दोन, आणि एका डोक्याला पाऊण तास. मान तिरकी करून बघायचं, एक केस टिपायचा, कात्री हवेत थांबवून गिऱ्हाइकाच्या जावयाची चौकशी करायची, पुन्हा एक केस टिपायचा. घाईचा माणूस तिकडे फिरकतच नसे. पण एकदा त्यांचा हात डोक्याला लागला की माणूस दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसे, हेही तितकंच खरं.

त्यांची एकुलती एक लेक कॉलेजात फिल्म करायला शिकत होती. पोरगी आळशी नव्हती हो, उलट! तिला केलेलं काही पसंतच पडायचं नाही. गेल्या वर्षी परीक्षेसाठी पाच मिनिटांची फिल्म द्यायची होती. त्यात एक माणूस दार उघडून आत येतो, एवढा प्रसंग तिनं एकोणीस वेळा घेतला. दाराची बिजागरी निखळली, पण हिचं समाधान होईना. शेवटी तारीख उलटून गेली आणि फिल्म पेटीतच राहिली. यंदा कॉलेजनं एक संधी दिली होती. गाण्याचा व्हिडिओ करायचा आणि सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. नाही पाठवला तर पटावरून नाव कमी, विषय संपला.

तीन आठवडे बाईसाहेबांनी नुसतं प्लॅनिंग केलं. नमनालाच घडाभर तेल! घरातल्या भिंतीवर कागद चिकटवले, त्यावर चित्रं काढली, बाण काढले, बाणांवर बाण काढले. गाणं होतं तिच्या वर्गातल्या मित्राचं. त्याचे केस खांद्याच्या खाली गेलेले, तीन वर्षं कात्री न लागलेली, म्हणून सगळे त्याला झिपऱ्या म्हणायचे आणि त्याला त्याचा अभिमान होता. व्हिडिओत दाखवायचं होतं ते असं, की झिपऱ्या सलूनमध्ये येऊन बसतो, कात्री जवळ येते आणि तो गात गात पळून जातो. मग गल्लीत, जिन्यात, पुलावर, सगळीकडे त्याचे केस वाऱ्यावर उडतात. सलून सोमवारी बंद असायचं, म्हणून सगळं शूटिंग शेवटच्याच दिवशी.

"बाबा, तुम्हाला काही करायचं नाही," लेकीनं सकाळी आठला पुन्हा बजावलं. "कात्री केसांजवळ धरायची आणि नुसती वाजवायची. बस."

"म्हणजे खोटं खोटं कापायचं?"

"हो. खोटं खोटं."

सावकाशरावांनी मान डोलावली. पण रात्रभर त्यांना झोप नव्हती, हे फक्त त्यांच्या बायकोला माहीत. लेकीसाठी जीव द्यायला तयार असलेल्या माणसाला नुसती कात्री वाजवायला सांगितलं, याचंच त्यांना मोठं ओझं झालं होतं. आपल्या हातून काही बिघडलं तर?

शूटिंगला माणसं चारच. लेक कॅमेऱ्यावर, झिपऱ्या खुर्चीत, सावकाशराव त्याच्या मागे, आणि स्पीकर सांभाळायला लेकीची मैत्रीण. हिचा आवाज मूळचाच एवढा दणदणीत, की तिला सगळे भोंगा म्हणायचे आणि ती 'ओ' द्यायची. आरशात कॅमेरा दिसू नये म्हणून लेकीनं तो कोपऱ्यात, टॉवेलांच्या कपाटापाशी तिरका लावला. त्यातच एक तास गेला.

गाणं सुरू झालं. 'थांब जरा, घाई कसली, सकाळ अजून उठली नाही...' झिपऱ्या ओठ हलवू लागला. सावकाशरावांनी कात्री वाजवली.

"थांबा! बाबा, हात खोटे वाटतायत."

दुसऱ्यांदा वाजवली. "खांदे कशाला उचलताय?" तिसऱ्यांदा वाजवली. "आता तुम्ही कॅमेऱ्याकडे बघितलंत." पाचव्या, सातव्या, अकराव्या वेळेपर्यंत सावकाशरावांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यभर खऱ्या कामाची सवय झालेला हात, त्याला नाटक कुठून जमणार? बाराव्या खेपेला लेक कळवळून म्हणाली, "बाबा, कॅमेरा आहे हे विसरा ना. रोज करता तसं करा!"

आणि ते खरंच विसरले. डाव्या हाताच्या दोन बोटांत केस धरले, मान तिरकी केली आणि कचकन कात्री चालवली.

वीतभर लांब बट जमिनीवर पडली. उजव्या कानावर, अगदी दर्शनी भागात, केस बोटभर उरले होते.

गाणं आपलं चालूच. भोंग्यानं ते बंद केलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती हळू आवाजात म्हणाली, "अगंबाई."

झिपऱ्यानं आरशात डोकं एका बाजूला वळवलं, मग दुसऱ्या बाजूला वळवलं. "काका, केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच का हो?"

सावकाशरावांच्या तोंडचं पाणी पळालं. झिपऱ्याचं जाऊ द्या, त्यांना दिसत होता तो लेकीचा चेहरा. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. "आता गल्ली नाही, जिना नाही, पूल नाही," ती म्हणाली. "पळून गेला, केस वाचले, हेच तर व्हिडिओत होतं. साडेनऊ वाजलेत. दुसरी गोष्ट मी कधी रचू? गेलं बाबा हे वर्षपण."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हताच. सावकाशराव तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांना एवढंच कळत होतं, की हे आपण केलंय आणि निस्तरायचंही आपणच.

"हे बघ बाळ," ते म्हणाले, "केस वाढवणं काही माझ्या हातात नाही. कमी करणं आहे. उरलेले सगळे कापतो, आणि तू तेवढंच घे. पोरगा गातोय आणि केस जातायत."

"गाणं चार मिनिटांचं आहे बाबा. तुम्हाला पाऊण तास लागतो."

"बारा मिनिटांत करतो."

भोंगा फिस्सकन हसली. पण लेक हसली नाही. ती उठून उभी राहिली. "बारा? थांबा, थांबा. गाणं तिप्पट सावकाश लावलं तर बारा मिनिटंच होतात. हा तेवढ्याच सावकाश ओठ हलवेल. मग मी सगळं तिप्पट वेगानं पळवलं, की याचे ओठ बरोबर गाण्यावर बसतील, आणि तुमचे हात मात्र विजेसारखे चालतील!" मग तिचा चेहरा पुन्हा पडला. "पण एकदाच होईल. डोकं एकच आहे."

"एकच आहे आणि ते माझं आहे," झिपऱ्या म्हणाला. "मला कुणी विचारणार आहात का?"

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं उरलेल्या केसांवरून एकदा हात फिरवला. "आई तीन वर्षं मागे लागलीय. चला, तिची तरी आज चांदी. पण काका, चांगले कापा हो. रडवू नका."

मग तयारी. सावकाशरावांनी भांग पलीकडून पाडला, डावीकडचे केस आणून उजव्या कानावर पसरले, की ती बोडकी जागा दिसेनाशी झाली. भोंग्यानं गाणं संथ करून लावलं. अरे देवा! 'थांब जरा' म्हणता म्हणता एवढा वेळ जायचा, की तेवढ्यात चहा उकळून व्हावा. झिपऱ्याचा तोंड वासून केलेला सराव बघून, चहा घेऊन आलेली सावकाशरावांची बायको दारातच थबकली. "याची दाढ दुखतेय का हो?"

"नाही गं. गातोय तो."

ती चहा ठेवून कोपऱ्यात स्टुलावर बसली.

लेकीनं कॅमेरा सुरू केला. गाणं म्हशीच्या जांभईसारखं उमटलं आणि सावकाशराव कामाला लागले. आता नाटक नव्हतं, खरं काम होतं, खरे केस होते. त्यांनी ना कॅमेऱ्याकडे बघितलं, ना जावयांची चौकशी केली. पहिल्या कडव्याला केस खांद्यापर्यंत आले, दुसऱ्याला कानापर्यंत. झिपऱ्या डोळे मिटून एकेक अक्षर चघळत होता, बटा टपटप पडत होत्या. सगळं असं जमून आलं होतं, की भोंग्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

घोळ झाला तो भलताच. आजवर कधीच कुणाला घाईत न दिसलेले सावकाशराव, भीतीपोटी, घाईत निघाले. नवव्या मिनिटाला मानेवरचा शेवटचा केसही साफ झाला. झिपऱ्याचं डोकं इतकं नेटकं दिसत होतं, की त्याची आई दृष्ट काढेल. आणि गाणं अजून तीन मिनिटं बाकी होतं.

सावकाशरावांनी लेकीकडे चोरून बघितलं. तिनं कॅमेऱ्याआडून हातानं खूण केली, चालू द्या, चालू द्या. काय चालू द्या? कापायला काय उरलं होतं? पोराच्या भुवया? थांबलं तर शेवटचं कडवं रिकामं, आणि पोरगी पुन्हा म्हणणार, हे अपुरंय, नाही पाठवत.

आता त्यांच्या मिशीबद्दल सांगायला हवं. ती चोवीस वर्षांची होती, दाट, दोन्ही टोकांना किंचित वर वळलेली. लग्नाआधीपासूनची. बायकोनं त्यांना मिशीशिवाय कधी बघितलंच नव्हतं, लेकीचा तर प्रश्नच नाही. दुसऱ्यांच्या हजार मिशा त्यांनी भादरल्या, स्वतःच्या मिशीला मात्र रविवारी तेवढी बारीक कात्री लागायची, तीही दार लावून.

सावकाशराव आरशाकडे वळले. फेस काढला, ओठांवर थापला, वस्तरा उचलला.

"अहो!" बायकोच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं पदरानं तोंड दाबून धरलं.

लेकीला क्षणभर समजेना. मग समजलं. बाबा आरशाकडे वळल्यामुळे कॅमेऱ्याला नुसती त्यांची पाठ दिसत होती. तिनं स्टँडसकट कॅमेरा उचलला आणि हळूहळू, श्वास रोखून, तो फिरवत आरशासमोर आणला. तेवढ्यात झिपऱ्यालाही सुचलं. गाणं न सोडता तो खुर्चीतून उठला, स्वतःच्या गळ्यातलं कापड झटकलं आणि सावकाशरावांच्या गळ्यात बांधलं, थेट त्यांच्याच ऐटीत, मान तिरकी करून. उजवी मिशी गेली. डावी गेली. शेवटच्या 'घाई कसली'ला सावकाशरावांनी तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघितलं. समोर कोणीतरी ओळखीचा, पण खूप वर्षांत न भेटलेला माणूस उभा होता.

गाणं संपलं. लेकीनं कॅमेरा बंद केला.

बायको पुढे आली. तिनं नवऱ्याचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे केला आणि नीट न्याहाळला. "एवढं चांगलं तोंड चोवीस वर्षं झाकून ठेवलंत होय! मेलं, कमाल आहे तुमची." मग मात्र सलूनमध्ये असं हसू उसळलं, की झिपऱ्या केसांच्या ढिगावर घसरून पडला आणि पडल्या पडल्या हसत राहिला.

दुपारभर लेक लॅपटॉपवर वाकून बसली. चार वाजता तिनं सगळ्यांना बोलावलं. पळवलेल्या व्हिडिओत झिपऱ्या छान आरामात गात होता आणि त्याच्यामागे सावकाशरावांचे हात असे भिरभिरत होते, की ते दोन नसून सहा असावेत. आपले हात बाहेरून कसे दिसतात, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. ते बघतच राहिले.

शेवटच्या कडव्यात मिशी गेली तेव्हा भोंगा ओरडली. लेकीनं मात्र व्हिडिओ तिथेच थांबवला.

"हे बघा," ती म्हणाली.

आरशात, फेस लावलेल्या सावकाशरावांच्या खांद्यामागे, कॅमेरा स्वच्छ दिसत होता आणि कॅमेऱ्याला धरून उभी असलेली लेक. डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि ती बाहीला नाक पुसतेय.

"आरशात कॅमेरा दिसणं ही पहिल्या वर्षाच्या पोरांची चूक आहे, बाबा. सर हसतील. हे काढताही येत नाही, काढलं तर मिशीच जाते."

ती पडद्याकडे बघत राहिली. पाच वाजून गेले. साडेपाच झाले. झिपऱ्यानं तोंड उघडलं, भोंग्यानं त्याला कोपरानं ढोसलं. आत्ता पोरगी म्हणणार की नाही जमलं, सावकाशरावांना वाटलं, आणि त्यांना मिशीचं नव्हे, पण तिचं फार वाईट वाटलं. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"यात कोण कोण आहे?"

"तुम्ही आणि झिपऱ्या."

"बरोबर. मी आहे, हा पोरगा आहे. ज्या पोरीनं हे सगळं केलं, ती दिसली तर बिघडलं कुठे?"

"पण मी रडतेय त्यात."

"मग? मीपण रडत होतो. फेसामुळे कळलं नाही एवढंच."

लेकीनं वळून त्यांच्याकडे बघितलं. त्या उघड्या, गोऱ्या पडलेल्या वरच्या ओठाकडे बघून तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुन्हा भरले. तिनं बाहीला नाक पुसलं. मग पुन्हा एकदाही न बघता तिनं बटण दाबलं आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसली.

सहाला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावर अक्षरं उमटली.

"पोचलं, बाबा," ती म्हणाली.