झडपांचं तोरण

“थांबव बे गाडी! काटा चढायलाय!”

मन्मथआप्पा डॅशबोर्डवरच्या इंजीन-तापमानाच्या काट्यावर ओणवे झाले होते. मांजरसुंब्याचा घाट, भर दुपारचं ऊन आणि जीपमध्ये मागं सरकी पेंडीची पोती. स्टिअरिंगवरच्या अभिमन्यूचा सदरा पाठीला चिकटला होता.

“थांबू नका, दादा,” पोत्यांशेजारून आप्पांची लेक ईश्वरी म्हणाली. “झडप उघडू द्या.”

या झडपेपायीच सगळं रामायण. इंजीन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवून धरणारी, मग आपोआप उघडणारी ही एवढीशी थर्मोस्टॅट झडप. नेकनूरच्या आपल्या गॅरेजात आलेल्या गाडीतून ती काढून टाकायची, हा आप्पांचा तीस वर्षांचा शिरस्ता. “आपल्याकडच्या उन्हात पाणी अडवायचं कावून?” काढलेल्या झडपा तारेत ओवून त्यांनी दाराला तोरण बांधलं होतं. तोरणवाले आप्पा म्हणून पंचक्रोशीत नाव होतं हो त्यांचं!

पण अभिमन्यूची जीप डिझेल ढोसायला लागली आणि आयटीआय करून आलेल्या लेकीनं तोंडावर सांगितलं, “आप्पा, इंजीन गारच ऱ्हातंय, म्हणून डिझेल खातंय. गरमीचा इलाज रेडिएटरमधी हाय.” तिनं रेडिएटरच्या जाळीतला भुसा धुऊन काढला, पंख्याचा पट्टा ताणला, नवी झडप बसवली. आप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला. चार गिऱ्हाइकांदेखत ते बोलून गेले, “घाटात काटा लाल पट्ट्यात गेला, तर तू पुन्हा पान्याला हात लावायचा न्हाई.”

“कबूल,” पोरगी म्हणाली.

आता काटा मधली रेघ ओलांडून वर सरकत होता.

“आप्पा, तापून इंजिनाचं हेड गेलं तर माझ्या पोटावर पाय यील,” अभिमन्यू कळवळला. “थांबू का?”

खरं सांगायचं तर आप्पांना काटा चढायला हवा होता. अजून बोटभर, की आपलं नाव राहिलं. तेवढ्यात आरशात त्यांना ईश्वरी दिसली. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते, पाना छातीशी गच्च धरलेला. आप्पांना स्वतःचीच लाज वाटली. काय बाप म्हणायचा हा!

“थांबू नको,” ते म्हणाले. “पोरगी म्हणती तसं चालू दे.”

पुढच्या वळणावर काटा थरथरला, थबकला आणि हळूच खाली येऊन मधल्या रेघेवर बसला. माथा आला तरी तिथून हलला नाही.

“जमलं की, ताई!” अभिमन्यू ओरडला. आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

परतल्यावर त्यांनी स्टूल लावलं आणि तोरण उतरवलं.

“ही चांगली का खराब, कसं बघायचं गं?” तीस वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं.

“उकळत्या पाण्यात टाकायची. उघडली की चांगली.”

आप्पांनी चहाचं पातेलं स्टोव्हवर ठेवलं. पाणी खळखळल्यावर पहिली झडप सोडली. ती उघडली. दुसरी उघडली. तिसरी गंजली होती, तीही कुरकुरत उघडली.

“ऱ्हाऊ द्या आता, आप्पा,” ईश्वरीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“थांब जरा,” आप्पा म्हणाले आणि तारेतून पुढची झडप सोडवू लागले.